चौथी खेप

राष्ट्राध्यक्षपद सोडल्यापासून इओतेबांना घरात कुठे उभं राहावं तेच कळेना. चुलीच्या छपराखाली उभे राहिले तर कायेवा म्हणायची, "अहो, बाजूला व्हा, धूर लागेल." अंगणात उभे राहिले तर डुकरं खाणं थांबवून त्यांच्याकडे बघत राहायची. आणि समुद्राच्या काठाला जाऊन उभे राहिले, तर येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "साहेब, काही पडलं का पाण्यात?"

लागोपाठ तीन निवडणुका त्यांनी जिंकल्या होत्या. त्यांच्या देशाची घटना म्हणते, तीन खेपा झाल्या की संपलं. मधली एक खेप गाळून पुन्हा येतो म्हणायचीही सोय नाही. आजूबाजूच्या बेट-देशांत काहींनी शेवटच्या वर्षी घटनेलाच ठिगळ लावून घेतलं होतं. इओतेबांनी तसलं काही केलं नाही. त्यांनी रेडिओवर जाऊन सांगितलं, "माझं झालं, मी घरी चाललो," आणि खरंच घरी गेले. बायाबापड्यांनी डोळे पुसले. आयुष्यात याहून अभिमानाचं काम आपण केलं नाही, असं इओतेबांना मनापासून वाटायचं. अडचण एवढीच होती, की घरी जाणं हे एका दिवसाचं काम असतं आणि घरी राहणं रोजचं.

सकाळी उठून, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते चटईवर बसायचे आणि कायेवाला विचारायचे, "आज आपल्यापुढे कोणकोणते विषय आहेत?"

"अळकुड्या," कायेवा म्हणायची.

"आणि त्यानंतर?"

"त्या शिजवणं."

त्यामुळे तेमारा गावातून पाण्याच्या टाकीच्या उद्‌घाटनाचं बोलावणं आलं तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की कायेवानं स्वतःहून त्यांच्या डोक्यावरची फुलांची माळ गुंफली. टाकीचं काम त्यांच्याच काळात सुरू झालं होतं. नव्या राष्ट्राध्यक्ष तिनाईबाई फीत कापणार होत्या आणि माजी म्हणून इओतेबा शेजारी उभे राहणार होते. कायेवाचे गुडघे दुखत होते, म्हणून ती घरीच राहिली. "लवकर या," एवढंच ती म्हणाली.

समारंभ चांगला झाला. तिनाईबाई आधी शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे भाषण मोजकं झालं. मग गावच्या बायकांनी त्यांना टाकीचं पाणी प्यायला, आणि पाण्यानंतर मासे खायला, टाकीमागच्या छपरात ओढून नेलं. इओतेबा मोकळे झाले आणि नाबुतीनं त्यांना गाठलं.

नाबुती हा त्यांचा जुना कार्यकर्ता. इओतेबांच्या प्रत्येक निवडणुकीत त्याचा आवाज बसायचा आणि निकालानंतर त्याला काहीतरी पद मिळायचं. आता आवाज ठणठणीत होता आणि पद नव्हतं.

"दादा, मला फट सापडली," तो कानाशी येऊन म्हणाला.

"कसली फट?"

"घटनेत! रात्रंदिवस वाचतोय मी. त्यात काय म्हटलंय? तीन खेपांनंतर माणसाला निवडून येता येणार नाही. बरोबर? बसता येणार नाही असं कुठं म्हटलंय?"

"नाबुती, जाऊ दे ना बाबा."

"निवडून यायचंच नाही आपण! तुम्ही फक्त बसा. एकदा बसलात की उठवायचं कलम कुठलं, ते त्यांनी शोधायचं!"

इओतेबा चालू लागले. नाबुती मागोमाग. ते टाकीला वळसा घालून गेले, नाबुतीही वळसा घालून आला. "दादा, एकदा हो म्हणा. बोलू पण नका. नुसतं बसा!"

बारा वर्षं अशा माणसांपासून सुटायचा इओतेबांचा एकच उपाय होता, तो म्हणजे गाडी. आणि गाडी समोरच उभी होती, काळी, झेंडा लावलेली. दारापाशी पोलीस होता. त्यानं इओतेबांना तरातरा येताना पाहिलं आणि त्याच्या हातानं आपोआप दार उघडलं. इओतेबांच्या पायांनी आपोआप आत पाऊल टाकलं. दार लागलं. पोलिसानं सलाम ठोकला.

पुढे तोआकाई बसला होता. हाही बारा वर्षांचा जुना ड्रायव्हर. एरवी त्यानं मागे वळून पाहिलं असतं, पण रात्री पंख्याखाली आडवातिडवा झोपल्यामुळे त्याची मान आखडली होती आणि समोरचा आरसा गावकऱ्यांनी घातलेल्या माळांनी झाकला होता. दार लागल्याचा आवाज आला, गाडी नेहमीसारखी एका बाजूला कलली आणि त्यानं ती चालू केली.

मागे नाबुती आ वासून उभा होता. मग त्यानं दोन्ही हात वर केले आणि ओरडला, "बसले! दादा बसले!"

गाडीत इओतेबांनी नेहमीसारखे डोळे मिटले. ते उघडले तेव्हा गाडी दोन बेटांमधल्या बंधाऱ्यावर होती. एकीकडे निळं सरोवर, दुसरीकडे फेसाळता समुद्र. क्षणभर सगळं जागच्या जागी होतं. मग शेजारच्या सीटवर त्यांना बायकी पिशवी दिसली.

"तोआकाई!"

"जी, साहेब?"

बारा वर्षं तो असंच म्हणत आला होता, त्यामुळे त्यालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. इओतेबांनी सांगण्यासाठी तोंड उघडलं. खिडकीतून वारा आला. बंधाऱ्यावरून चालणारी दोन माणसं झेंडा बघून बाजूला झाली आणि त्यांनी हात हलवले. इओतेबांनीही हात हलवला.

"काही नाही," ते म्हणाले. "जरा हळू घे."

बंधारा संपल्यावर मात्र त्यांना घाम फुटला. आता गाडी वळवायला सांगावी, तर तेमाऱ्याच्या रस्त्यावर सगळा देश आपल्याला राष्ट्राध्यक्षांच्या गाडीतून दोनदा जाताना पाहील. त्यापेक्षा कचेरीत जावं, फोन करून तिनाईला सांगावं, गाडी परत पाठवावी आणि आपण मागच्या दारानं बसनं घरी जावं, असं त्यांनी ठरवलं. बेत चांगला होता. पण फोन राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर होता.

फाटकावरच्या शिपायानं सलाम केला. आत कचेरीची जुनी कारकून एरिता बसली होती. ती टंकलेखनावर होती तेव्हापासून पाच राष्ट्राध्यक्ष आले-गेले होते. ती मान वर न करता म्हणाली, "आलात? बरं झालं. सह्यांचा गठ्ठा पडलाय."

"एरिता, मी इओतेबा."

"दिसतंय की. नीरा आणू का?"

"अगं, पण मी आता राष्ट्राध्यक्ष नाहीये!"

"ते मला कुणी लेखी कळवलेलं नाही," एरिता म्हणाली आणि नीरा आणायला गेली.

इओतेबांनी टेबलावरचा फोन उचलून तिनाईबाईंचा नंबर फिरवला. घंटी दारातच वाजली. तोआकाई मान ताठ ठेवून बाईंची पिशवी घेऊन उभा होता आणि पिशवी वाजत होती. त्याची नजर पिशवीवरून इओतेबांकडे गेली आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"साहेब... तुम्ही?"

"मीच."

"मग मी बाईंना कुठे सोडलं?"

"तेमाऱ्यात. जा, पळ, घेऊन ये त्यांना!"

तोआकाई पळाला. इओतेबांनी हुश्श केलं आणि ते खाली बसले. बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण खुर्चीत बसलोय. ते उठणार तेवढ्यात फोन वाजला आणि त्यांच्या हातानं तो उचलला.

"इओतेबा बोलतोय."

पलीकडे गाणं वाजत होतं. मग एक तरुण आवाज आला, "सर, आम्ही रेडिओ केंद्रातून बोलतोय. तेमाऱ्याहून एका गृहस्थांनी कळवलंय की तुम्ही बसलात. खरं आहे का?"

इओतेबांनी खाली पाहिलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "हो, म्हणजे... बसलोय, पण..."

"आभारी आहोत, सर," आवाज म्हणाला, आणि फोन बंद झाला.

इकडे तेमाऱ्यात तिनाईबाई हात पुसत बाहेर आल्या तर गाडी नाही. त्यांना बघून पोलीस दचकला.

"मॅडम, तुम्ही तर मघाच गेलात!"

"मी इथे उभी आहे."

"मग मी सलाम कुणाला केला?"

बाई फोन शोधू लागल्या. पिशवी गाडीत, फोन पिशवीत. पोलिसाच्या फोनमधले पैसे संपलेले. तेवढ्यात बस आली, तशा त्या बसमध्ये चढल्या. एका मासेवालीनं सरकून जागा दिली. मागच्या सीटवर एक डुकरीण होती, तिला सरकायला सांगण्यात अर्थ नव्हता. पुढून येणारी काळी गाडी शेजारून भरधाव तेमाऱ्याकडे निघून गेली. बाईंनी खिडकीतून हात केला, पण तोआकाईला मान वळवता येत नव्हती.

बसमध्ये गाणं चाललं होतं. ते मध्येच थांबलं. "आत्ताच हाती आलेली बातमी. माजी राष्ट्राध्यक्ष इओतेबा हे राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत बसले आहेत. आपण बसलो असल्याचं त्यांनी स्वतः मान्य केलं आहे. आता पुढचं गाणं."

पुढचं गाणं कुणी ऐकलं नाही. सगळी बस तिनाईबाईंकडे बघत होती.

"बाई," मासेवाली म्हणाली, "तुम्ही इथं, ते तिथं. मग आपलं सरकार नक्की कुठाय?"

"काहीतरी गैरसमज झालाय," बाई म्हणाल्या.

"कसला गैरसमज? तीन खेपा झाल्या त्यांच्या! आता परत यायला काय घटना म्हणजे माहेर आहे?"

"थांब ग," पुढून एक म्हातारा म्हणाला. "मनाई निवडून यायला आहे. हा निवडून कुठं आलाय? हा नुसता बसलाय."

बाईंनी गणित शिकवलं होतं. त्यांनी मनातल्या मनात ते कलम दोनदा सोडवून पाहिलं, आणि दोन्ही वेळा उत्तर म्हाताऱ्याच्या बाजूनं आलं. त्या अस्वस्थ झाल्या. "ड्रायव्हरदादा, जरा लवकर घ्या हो."

ड्रायव्हरनं एकही थांबा घेतला नाही. उतरायचं होतं ते लोकही उतरले नाहीत. असला तमाशा सोडून घरी कोण जातंय?

कचेरीपुढे तोवर गर्दी जमली होती. नाबुती एका ट्रकवर पन्नासेक माणसं भरून घेऊन आला होता आणि ती टाळ्यांच्या ठेक्यावर "चौथी खेप! चौथी खेप!" म्हणत होती. बसमधून उतरलेली माणसं त्यांच्यासमोर उभी राहून "घरी जा! घरी जा!" म्हणू लागली. एक शहाळं इकडून तिकडे गेलं. दुसरं तिकडून इकडे आलं. आत इओतेबा पडद्याआड उभे राहून घामाघूम होत होते. त्यांच्या देशात कधी दगडफेक झाली नव्हती. शहाळी म्हणजे सुरुवात होती.

फोन वाजला. या वेळी पोलीसप्रमुख होते. "साहेब, इकडे मारामारी होईल असं दिसतंय. मी हुकूम कुणाचा घेऊ? तुमचा की बाईंचा?"

"बाईंचा! अर्थात बाईंचा!"

"हा तुमचा हुकूम आहे का?"

"हो!"

"मग तो मी पाळू कसा? तुमचा पाळायचा नाही, असा तुमचाच हुकूम आहे ना."

इओतेबांनी फोन खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला.

फाटकावर शिपाई तिनाईबाईंना अडवत होता. "मॅडम, साहेब आत आहेत."

"कोण साहेब?"

"राष्ट्राध्यक्ष."

"मग मी कोण?"

शिपायानं बराच विचार केला. "तुम्हीपण," तो म्हणाला आणि त्यानं फाटक उघडलं.

तिनाईबाई आत आल्या तेव्हा इओतेबा खुर्चीपासून शक्य तितक्या लांब, कोपऱ्यात भिंतीला टेकून उभे होते. डोक्यावरची माळ एका कानावर आली होती.

"काका, हे काय केलंत?"

"चुकून गाडीत बसलो ग. नाबुती मागे लागला होता."

"आणि खुर्चीत?"

"फोन करायला. तुलाच."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. शाळेत पोरांकडे त्या असंच बघत असाव्यात. मग त्या खुर्चीच्या काठावर बसल्या. "माझा विश्वास आहे. पण त्यांचा बसेल का?"

दोघं मिळून पायऱ्यांवर आले. गर्दी गप्प झाली. इओतेबांनी बारा वर्षांत पुष्कळ भाषणं केली होती, पण इतकं छोटं आणि इतकं खरं एकही नव्हतं. "मंडळी," ते म्हणाले, "मी चुकून गाडीत बसलो."

 मग नाबुती कौतुकानं शेजारच्याला म्हणाला, "बघ! याला म्हणतात मुत्सद्दी. कोर्टातसुद्धा टिकेल हे."

"खोटारडा!" दुसरीकडून मासेवाली ओरडली. "चुकून माणूस पाण्यात पडतो, चुकून कुणी गादीवर बसतं होय?"

"ते खरं सांगतायत," तिनाईबाई म्हणाल्या.

"बाईंना धमकावलंय!" बसमधला म्हातारा म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. दोन्हीकडची माणसं एक-एक पाऊल पुढे सरकली. इओतेबांना समजलं, की बारा वर्षं जपलेलं नाव आता या पायऱ्यांवर चाललं. आपण घरी गेलो होतो हे लोक विसरणार, आणि परत आलो होतो एवढंच लक्षात ठेवणार. 

तेव्हा गर्दीच्या मागून आवाज आला. "सरका. सरका म्हणते ना! गुडघे दुखतायत माझे."

शेजारच्या पोराच्या स्कूटरवर मागे बसून कायेवा आली होती. ती गर्दीतून लंगडत पुढे आली, पायऱ्यांपाशी थांबली, कमरेवर हात ठेवले आणि नवऱ्याकडे बघितलं.

"रॉकेल कुठाय?"

इओतेबा गडबडले. "रॉकेल?"

"रॉकेल! येताना रॉकेल घेऊन या म्हणून सांगितलं होतं ना? स्टोव्ह कोरडा पडलाय. मासा कच्चा पडलाय. आणि तुम्ही इथं काय करताय? सरकारं कसली चालवताय?"

"अगं, मी चुकून..."

"चुकूनच! दुसरं काय येतंय तुम्हाला? परवा मीठ आणायला गेलात, साखर घेऊन आलात. अळकुड्या साखर लावून खाल्ल्या आम्ही! काल शेजारच्या गावच्या मयताला निघालात आणि बारशाला जाऊन बसलात. आज काय, तर टाकी बघायला गेले आणि दुसऱ्याच्या गाडीत बसून आले!"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. मासेवालीनं पदर तोंडाला लावावा तशी माळ तोंडाला लावली, पण तिचे खांदे हलत होते. "अगदी आमच्या ह्यांच्यासारखं," ती म्हणाली. "आमचे हे शेजारच्याची होडी घेऊन गेले होते, तीन दिवस मासे मारले तिच्यात." मग बसमधला म्हातारा हसला. मग नाबुतीच्या ट्रकमधली माणसंही हसायला लागली, कारण त्यांच्यातल्या प्रत्येकाला घरी जाऊन हेच ऐकायचं होतं. जी गोष्ट राष्ट्राध्यक्षाच्या आणि माजी राष्ट्राध्यक्षाच्या तोंडून कुणाला पटली नव्हती, ती रॉकेलच्या एका डब्यावरून सगळ्या देशाला पटली.

नाबुतीनं शेवटचा प्रयत्न केला. "वहिनी, देशाला दादांची गरज आहे."

"घेऊन जा," कायेवा म्हणाली. "पण आधी तुमच्या घरी ठेवा महिनाभर. मग सांगा गरज आहे का ते."

नाबुती ट्रकवरून उतरला. माणसं पांगू लागली. फुटलेली शहाळी वाया जाऊ नयेत म्हणून दोन्ही बाजूंनी ती वाटून खाल्ली. पोलीसप्रमुखांनी तिनाईबाईंना फोन करून आता हुकूम काय म्हणून विचारलं, आणि बाईंनी सांगितलं, "जेवून घ्या."

इओतेबा आणि कायेवा परतीच्या बसमध्ये चढले. बस हसत होती, पण प्रेमानं. कुणीतरी उठून जागा दिली. इओतेबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि कपाळाला आठ्या घालून काहीतरी आठवत होते.

"कायेवा," शेवटी ते हळूच म्हणाले, "रॉकेलचं तू मला कधी सांगितलंस ग? काही केल्या आठवत नाही. साखरेचंही आठवत नाही. माझं खरंच काही बिघडलंय का?"

"काही बिघडलेलं नाही," कायेवा समोर बघत म्हणाली. "सांगितलंच नव्हतं मी. स्टोव्ह भरलेला आहे."

"मग?"

"मग काय? मी रेडिओ ऐकला. बारा वर्षं तुमची भाषणं ऐकल्येत. म्हटलं, हे आता खरं सांगायला जातील आणि मार खातील."

इओतेबांनी आजूबाजूला पाहिलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "बंधाऱ्यावर मला जाग आली होती."

"ठाऊक आहे."

"कसं?"

"बंधाऱ्यावर तुम्हाला नेहमीच जाग येते," ती म्हणाली, आणि उठली. "चला, बाजार आला. उतरा."

"आता इथं कशाला?"

"रॉकेल घ्यायला. अख्ख्या देशानं ऐकलंय. रिकाम्या हातानं घरी गेलात, तर उद्या पुन्हा तीच बोंब."

बाजारातून त्यांनी रॉकेलचा डबा घेतला. तो इओतेबांनी स्वतः उचलला आणि भर रस्त्यानं सगळ्यांना दिसेल असा धरून चालू लागले. डबा जड होता, ऊन चढलं होतं, सदऱ्यावर तेलाचे डाग पडत होते. लोक दारातून विचारत होते, "मिळालं का रॉकेल, साहेब?" आणि ते प्रत्येकाला "मिळालं, मिळालं" म्हणत होते. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांना आपण कुठे चाललोय ते पक्कं ठाऊक होतं.

एवढ्यात मागून झेंड्याची काळी गाडी आली आणि शेजारी थांबली. मागचं दार उघडलं. आत तिनाईबाई होत्या. "काका, काकू, बसा ना. एवढ्या उन्हात कशाला? मी सोडते घरापर्यंत."

इओतेबांनी डबा दुसऱ्या हातात घेतला. त्यांचा पाय उचलला गेला.

"अहो," कायेवा म्हणाली, "पाय खाली."